धुरपतामायची गाडी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

गाडी, गाडी, गाडी! सकाळपासून घरात दुसरा शब्द नाही. वैभव काल वर्ध्याला रोपांचे ट्रे पोचवायला गेला, येताना मुकेशच्या आवारात थांबला, आणि तिथे त्याला ती दिसली. हा मुकेश जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. जिभेवर साखर ठेवूनच जन्मलेला. गाडी पांढरी, उंच, सात सीटची. ‘आतून नवीकोरी हाय मंजुषा, तू बसून तं पाह्य.’ मला पाहायला आला होता तेव्हासुद्धा माझ्या नवऱ्याचा चेहरा एवढा उजळला नव्हता.

चार मालक होऊन गेलेत म्हणे. आपण पाचवे.

मामाजी पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, ‘चार घरचं उष्टं काऊन आणतं रे घरात?’ वैभव म्हणाला, ‘बाबा, तुमी बैल घेतले तेव्हा एकाच दावणीचे होते का?’ सासरे बरोबर, नवराही बरोबर. घरात दोन माणसं एकदम बरोबर असली की तिसरीने स्वयंपाकघरात जावं. मी गेले.

पण गाडी लागणार आहे, हे मलाही दिसतं. मामाजींना गुडघ्यासाठी आठवड्यातून दोनदा वर्ध्याला न्यावं लागतं. ऑटोत चढताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो तो ऐकवत नाही. रोपवाटिकेचे ट्रे आहेतच. काजलची बारावी झाली की तिचंही जाणं-येणं सुरू होईल. नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

वैभव मोबाइलमध्ये गाडीचे फोटो बघत जेवला. भाजीत मीठ नव्हतं. कळलं नाही त्याला.

९ नोव्हेंबर, रविवार

अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

सगळेच गेलो गाडी पाहायला, मामाजीसुद्धा. मुकेशने सकाळी लवकर बोलावलं होतं, नंतर म्हणे दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. (हे दुसरं गिऱ्हाईक जगातल्या प्रत्येक विक्रीत असतं, आजवर कोणी त्याला पाहिलेलं नाही.) आवारात दहा-बारा गाड्या रांगेने उभ्या. रात्रीचं दव अजून वाळलेलं नव्हतं. वैभव लगेच बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. कळत काहीच नाही, पण डोकं घालायला आवडतं. काजल आत बसून सीट मागेपुढे करत होती. मी आपली मागच्या बाजूने फिरले.

आपल्याकडे मागच्या काचेवर नाव टाकल्याशिवाय गाडी घरची होत नाही. कोणी देवाचं टाकतं, कोणी पोरांचं, कोणी आईचं. मालक बदलला की नवा मालक ब्लेडने जुनं नाव खरवडतो आणि आपलं टाकतो. अक्षरं निघतात, जागा राहते. उन्हात काही दिसत नाही. आज काचेवर दव होतं.

वर होतं ‘श्री गजानन प्रसन्न’. त्याच्या खाली, त्याच्यापेक्षा मोठं, कमानीसारखं वळवून लिहिलेलं — ‘धुरपतामायचा आशीर्वाद’.

वैभव माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. मोठ्याने वाचून हसला. ‘हे बुढी कोण?’

मी हसले नाही. मला ती कमान माहीत आहे. त्यातल्या ‘धु’चा उकार शेपटीसारखा लांब ओढलेला आहे, तोही माहीत आहे. चार वर्षांपूर्वी नाचणगाव ते देवळी एवढ्या रस्त्यात मी फक्त तेवढंच पाहिलं आहे.

मुकेश फडकं घेऊन धावत आला, काच पुसून टाकली. म्हणाला, ‘वहिनी, नवीन काच टाकून देतो, टेन्शन नका घेऊ.’

मी म्हणाले, राहू द्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

लिहून काढते. कोणाला सांगितलेलं नाही, निदान कागदाला तरी.

१९ एप्रिल २०२१. मी माहेरी नाचणगावला होते. आई तापाने पडलेली, भाऊ रजत पुण्यात अडकलेला. बाबांचा ऑक्सिजन सकाळी एकदम उतरला. माझे बाबा नत्थूजी म्हणजे पूर्ण गावात आवाज जाणारा माणूस, आणि त्या दिवशी पाणी मागायलाही त्यांना दोनदा थांबावं लागत होतं. अॅम्ब्युलन्स मिळत नव्हती. शेजारच्यांनी एक नंबर दिला — देवळीचा कोणी आहे, आपल्या गाडीतून पेशंट वर्ध्याला नेतो, पैसेही घेत नाही.

तासाभरात पांढरी गाडी आली. चालवणारा डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या रेनकोटमध्ये, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. म्हातारा की तरणा तेही कळत नव्हतं. त्याने बाबांना खाटेवरून उचललं, लहान पोराला उचलावं तसं, आणि मधल्या सीटवर डावीकडे बसवलं. मला म्हणाला, ‘एक जण चालते सोबत. बसा.’

दार उघडं होतं. बाबांच्या शेजारी जागा होती.

मी म्हणाले, ‘तुम्ही चला, मी स्कूटीने मागून येते.’

भीती वाटली. एवढंच आहे ते. काजल बारा वर्षांची होती, सेलूला वैभवजवळ. त्या महिन्यात आमच्या गल्लीतून तिघं गेले होते. त्या बंद गाडीत त्यांच्या शेजारी बसायचं, तोच श्वास घ्यायचा — नाही झालं माझ्याच्याने. बाबा मान काचेला टेकवून बसले होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

परवा अर्धंच लिहिलं. लबाडी वहीतसुद्धा सुटत नाही.

मी खरंच मागून गेले. पूर्ण रस्ता ती गाडी पुढे, मी मागे, आणि मध्ये ‘धुरपतामायचा आशीर्वाद’. देवळीच्या अलीकडे पोलिसांची नाकाबंदी होती. गाडीला जाऊ दिलं, मला अडवलं. घरी सगळ्यांना मी एवढंच सांगितलं आहे — पोलिसांनी अडवलं, परत पाठवलं. आईला हेच माहीत आहे. रजतला हेच. वैभवलाही.

पोलीस वयस्कर होता, चांगला माणूस होता. त्याने विचारलं होतं, ‘बाई, त्या गाडीत तुमचा पेशंट हाय का?’ हो म्हणाले असते तर त्याने बॅरिकेड बाजूला केलं असतं. हात ठेवलाही होता त्याने बॅरिकेडवर.

मी म्हणाले, ‘नाही.’

बाबा दवाखान्यात पोचलेच नाहीत. कागदावर लिहून आलं, आणण्यापूर्वीच मृत्यू. म्हणजे देवळी ते वर्धा यात कुठेतरी. त्याच सीटवर. पोरगी मागून येते आहे असं समजून, किंवा मागे वळून पाहिल्यावर ती नाही हे कळून. या दोन्हींपैकी कोणतं, हे मला चार वर्षांत एक दिवस सुटलेलं नाही. भाकरी थापताना, रोपांना पाणी देताना, माणसांशी हसून बोलताना — मनात ते चालूच असतं.

आणि आता वैभवला तीच गाडी घ्यायची आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

ट्रायल झाली. नागपूर रोडने दहा किलोमीटर जाऊन परत. वैभव चालवत होता, शेजारी मामाजी. काजल चढली ती नेमकी मधल्या सीटवर, डावीकडे. ‘आई, ये ना इकडे, जागा आहे.’ मी सर्वांत मागच्या सीटवर अंग दुमडून बसले. मळमळतं म्हणाले. मळमळणारं माणूस मागे बसत नाही, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

काजलने डोकं काचेला टेकवलं. खड्डा आला की तिचं डोकं हळूच काचेवर आपटायचं. मी तिला ओरडले, नीट बस! एवढ्या जोराने ओरडले की वैभवने ब्रेक दाबला.

परत आल्यावर मामाजींनी मुकेशला समोर उभं केलं. आमच्या घरात जुनी गाडी घ्यायची एक रीत आहे, मोटरसायकल घेतली तेव्हाही मामाजींनी ती पाळली होती. पिशवीतून नारळ काढला. ‘ठेव हात याच्यावर. सांग, या गाडीत कोणाचा जीव गेला का? ज्या गाडीत जीव गेला ते गाडी माह्या दारात येणार नाई. इंजिन कसंई असू दे.’

मुकेशने हात ठेवला. ‘काकाजी, ॲक्सिडेंट नाई, काई नाई. मरण नाई पाह्यलं या गाडीनं.’

मुकेश खोटं बोलला नाही. त्याला माहीतच नाही. माहीत असलेलं माणूस त्याच्यापासून चार पावलांवर काजलच्या ओढणीला लागलेली कुसळं वेचत उभं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मला ती गाडी नको आहे. मला ती गाडी दुसऱ्या कोणाकडे जायलाही नको आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वैभवला उद्याच इसार द्यायचा होता. मी म्हणाले, थांब. चार मालकांनी ती का विकली ते विचारलंय का कोणी? दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात, आपलं तर मागे घेतलेल्या जुन्या टेम्पोने चांगलंच पोळलं आहे. मी शोधते जुना मालक.

वैभव बघतच राहिला. ‘अरे बाप, तू तं पक्की निघाली.’ खूश झाला बिचारा. बायकोने गाडीत लक्ष घातलं! मुकेशकडच्या फायलीतून चारही नावांचा फोटो काढून आणून दिला. पहिला मालक नागपूरचा डॉक्टर, दुसरा हिंगणघाटचा, तिसरे चंद्रभानजी, देवळी. चौथे अण्णाजी, पिपरी मेघे — शेवटी ज्यांनी मुकेशला विकली ते. मी तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. हा का, म्हणून वैभवने विचारलं. म्हटलं, याच्याकडे जास्त दिवस होती.

वैभव माझ्यावर किती पटकन विश्वास ठेवतो! लाज वाटली. आज दिवसभर तीच वाटते आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जाऊन आले. सगळं नीट, आठवेल तसं लिहिते.

वर्ध्याहून देवळीची बस धरली. खिडकीशी बसले नाही. उतरल्यावर पानठेल्यावर चंद्रभानजींचं घर विचारलं, त्याने मान हलवली, तीन चंद्रभान आहेत म्हणाला. मग मी म्हणाले, धुरपतामायचं घर. लगेच हात वर झाला. ‘थे का, चिंचेपासून डावीकडं.’ माय जाऊन बारा वर्षं झाली आणि घर अजून तिच्याच नावावर चालतं.

अंगणात खाट. चंद्रभानजी तुरीच्या शेंगा सोलत बसलेले, साठी ओलांडलेले, बारीक, कानात बाळी. त्यांची बायको जिजाबाई दारात. म्हटलं, मी मंजुषा, तुमची जुनी गाडी आम्ही घेतो आहोत. त्यांचे हात थांबले. ‘पांढरी? अजून हाय ते?’ गाडीबद्दल विचारायचं मी सगळं घोकून गेले होते — सर्व्हिसिंग, टायर, अपघात. एकही प्रश्न तोंडातून निघाला नाही. मी सरळ म्हणाले, काकाजी, एप्रिलच्या एकोणीस तारखेला नाचणगावहून तुमच्या गाडीत माझे बाबा गेले. नत्थूजी.

जिजाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि त्या आत गेल्या.

चंद्रभानजींनी खाटेवरच्या शेंगा सारून जागा केली. मग हळूच म्हणाले, ‘बस, पोरी.’

मी बोलतच सुटले. घरी लहान काजल, स्कूटी, नाकाबंदी, पोलिसांनी अडवलं, सगळं. एक ‘नाही’ सोडून. तो शब्द त्यांनाही सांगितला नाही. मग विचारलं, तुम्ही चालवत होतात ना? बाबा शेवटी काही म्हणाले का?

ते शेंगांकडे बघत होते. म्हणाले, ‘हो. मीच होतो.’

आणि मग सांगितलं. त्यांचेच शब्द लिहिते, विसरायला नकोत. ‘देवळी सोडली न् त्यायनं काच खाली करायले सांगतली. हवा लागली त् बरं वाटलं त्यायले. म्हणे, माही मंजू मागं होती, तिले पोलिसायनं अडवलं असन. मंग म्हणे, बरं झालं, घरी जाईन थे, लेकरू हाय तिले. मंग झोपल्यावाणी झाले. तरास नाई झाला पोरी. मी हात धरला होता, एका हातानं गाडी चालवत होतो.’

मी अंगणातच रडले. चार वर्षांचं. शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या आणि काही न विचारता गेल्या. बाबा मला मंजू म्हणत नव्हते, बाई म्हणायचे. पण रोज पेशंट नेणाऱ्या माणसाला कोणाकोणाचं काय काय आठवणार? मतलब तोच.

जिजाबाईंनी चहा आणून ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

निघताना चंद्रभानजी फाटकापर्यंत आले. एक अजबच विचारलं. ‘पोरी, त्या दिवशी तू जवळून पाह्यलं ना मले? मले खोकला होता का? खोकलून राह्यलो होतो का मी?’ मला बस गाठायची होती, डोकं बधिर झालं होतं. म्हणाले, आठवत नाही काकाजी. ते म्हणाले, ‘आठवून पाह्यजो. आठवलं त् सांगजो.’ म्हातारपणी माणसाला कशाकशाची काळजी लागते कोण जाणे.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वैभवने विचारलं, ‘काय म्हणे म्हातारा? झालं तं नाई ना काई गाडीत?’

नाही म्हणाले.

दुसऱ्यांदा. पण या वेळी जड गेलं नाही. बाबांनीच सांगितलंय ना, बरं झालं म्हणून? मामाजींची रीत मोडली, तेवढं पाप माझ्या माथी. ज्या गाडीत बाबा मला बोल न लावता गेले, ती गाडी अशुभ कशी असेल? असं मी मामाजींना सांगू शकत नाही. सांगू शकले असते तर त्यांनाही पटलं असतं बहुतेक.

आज चारशे ट्रे कोबी भरली. एकटीने. बाया म्हणाल्या, ताई आज गाणं म्हणून राह्यल्या.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आईला फोन केला. मधल्या सगळ्या वर्षांत आम्ही दोघी त्या दिवसावर कधी बोललो नाही. ती हवापाणी विचारते, मी औषधं विचारते, संपलं. आज सांगितलं — गाडीवाले भेटले, बाबांचा हात धरून होते, बाबा शांतपणे गेले. लेकीचं नाव घेतलं.

आईने नाक शिंकरलं. मग आमच्या आनंदाबाई म्हणाल्या, ‘माहं नाव नाई घेतलं का?’

हसलो दोघीही. रडता रडता.

मग म्हणाली, ‘आपलं माणूस जवळ नव्हतं, पण देवानं त्या माणसाले पाठवलं. त्याच्या लेकराबाळाचं भलं होवो.’

४ डिसेंबर, गुरुवार

इसार दिला. मामाजी अजून कुरकुरतात, पण काल स्वतःच विचारत होते की मागच्या काचेवर काय टाकायचं. वैभव म्हणतो काजलचं नाव. काजल म्हणते, माझं नाव घेऊन गावभर फिरायची गरज नाही. मी म्हणाले, काहीच टाकू नका. रिकामी राहू दे.

‘मंग लोकायले कसं समजन का गाडी कोणाची हाय?’ वैभव म्हणाला.

७ डिसेंबर, रविवार

गाडी आली! अंगणात मावत नाही, तोंड आत आणि मागचं अंग रस्त्यावर. हळदी-कुंकू, हार, चाकाखाली लिंबू. गल्लीतली सगळी पोरं आत चढून उतरली.

संध्याकाळी सगळे आत गेल्यावर मी एकटी जाऊन मधल्या सीटवर डावीकडे बसले. दार लावून घेतलं. मुकेशने अत्तर मारून ठेवलंय, डोकं दुखेल इतकं. बसून राहिले. वाटलं होतं, काहीतरी होईल — भीती तरी वाटेल, नाहीतर बाबा तरी वाटतील. काहीच झालं नाही. सीट होती, मऊ होती. काच खाली केली. कोणाच्या तरी घरी लसणाची फोडणी बसत होती.

तरी बाहेर आल्यावर दार पुन्हा एकदा उघडून पाहिलं. बरं झालं, घरी जाईल ती. हे वाक्य मी इतक्यांदा मनात म्हटलंय की आता त्यात बाबांचा आवाज नीट बसत नाही. चंद्रभानजींचाच येतो. कालपासून असं होतं आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

ट्रान्सफरच्या कागदांवर जुन्या मालकाची एक सही राहिली होती, म्हणून पिपरी मेघेला अण्णाजींच्या घरी गेलो. सही झाली. सहज बोलायचं म्हणून मी म्हणाले, चंद्रभानजी भेटले मला, देवमाणूस, त्या साथीत किती पेशंट नेले त्यांनी.

अण्णाजींनी चष्मा काढला. ‘चंद्रभाननं? त्याले सायकलच्या पुढं काई चालवता येत नाई, बाई. पोरगा चालवाचा, नीलेश. दुसऱ्यायचे पेशंट नेता नेता त्यालेच धरलं. मे लागला न् गेला. सत्तावीस वर्साचा होता. म्हणून तं विकली त्यायनं मले गाडी.’

वैभव कागद फायलीत लावत होता.

म्हणजे बाबा काय म्हणाले, हे सांगणारा कोणी उरलेला नाही. चंद्रभानजींनी मला जे दिलं ते पदरचं दिलं. आणि फाटकाशी ते स्वतःबद्दल विचारत नव्हते. पोराला आधीपासून होतं की कोणाकडून लागलं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. आणि मी म्हणाले, आठवत नाही.

आठवतं. नीलेशला खोकला नव्हता. खोकत बाबा होते, खाटेपासून गाडीपर्यंत, त्याच्या गळ्यात तोंड घालून.